निशाणी 5 चे चौदा दिवस

2023 च्या एप्रिलमधील 21 तारीख, शुक्रवार. सकाळी अकराच्या सुमारास सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील आमच्या मसाला कारखान्याच्या दारात न्यायालयाचे बेलीफ, कोर्ट कमिशनर म्हणून नेमलेले एक तरुण वकील आणि समोरच्या पक्षाचा एक माणूस असे तिघे येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया होती, कांदा-लसूण मसाल्याचा हंगाम ऐन भरात होता आणि आत सव्वीस जण कामावर होते, त्यांतल्या बहुतेक बायका. बेलिफांनी हातातली जाडजूड कागदांची चळत टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ताई, इथे सही करा. मी फक्त पोच करायला आलोय." वरच्याच कागदावर लिहिले होते की दावा निकाली निघेपर्यंत किंवा पुढील हुकूम होईपर्यंत प्रतिवादींनी, त्यांच्या नोकरांनी, वितरकांनी आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्या कोणीही अमुक प्रकारच्या पाऊचमधून मसाला विकू नये, तसेच सांगली, कोल्हापूर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत दळलेल्या मसाल्याचा व्यवसायच करू नये. आमचे म्हणणे न ऐकता झालेला हा एकतर्फी अंतरिम मनाई हुकूम होता. त्यातल्या दुसऱ्या भागाने कारखाना त्या क्षणी थांबला.

मागचा संदर्भ थोडक्यात सांगते. अकरा वर्षे आम्ही एका व्यापारी पेढीसाठी जॉबवर्क करत होतो. मिरची आणि हळद त्यांची, कांडप आणि पॅकिंग आमचे, नाव आणि पाऊच त्यांचे. सप्टेंबर 2022 अखेर तो करार संपला. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीला, आम्ही स्वतःच्या नावाने मसाला बाजारात आणला. जानेवारीच्या 9 तारखेला त्यांची वकिली नोटीस आली. तिच्यात दोन तक्रारी होत्या. आमचा पाऊच त्यांच्या पाऊचसारखा दिसतो ही पहिली. करार संपल्यानंतर तीन वर्षे या चार जिल्ह्यांत हा व्यवसाय करणार नाही असे कलम आम्ही मोडले, ही दुसरी. 20 जानेवारीला आम्ही रजिस्टर पोस्टाने उत्तर दिले. त्यात त्यांच्याकडे अडकलेल्या आमच्या दोन बिलांचा उल्लेख होता, आणि पाऊचवरचा तपकिरी पट्टा बदलण्याची तयारीही आम्ही स्पष्ट शब्दांत कळवली होती. त्या उत्तराची पोचपावती परत आली, ती मी फाइलला लावली आणि प्रकरण मिटले असे धरून चालले.

नोटीस येताच आमच्या वकीलसाहेबांनी एक गोष्ट मात्र केली होती. 12 जानेवारीला त्यांनी जिल्हा न्यायालयात कॅव्हेट दाखल केले होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148-अ प्रमाणे कॅव्हेट दाखल असेल, तर विरुद्ध बाजूच्या अर्जाची आधी कल्पना दिल्याशिवाय आणि आपल्याला बोलण्याची संधी दिल्याशिवाय हुकूम होत नाही. पण कॅव्हेट 90 दिवसच जिवंत राहते. त्यानंतर ते पुन्हा दाखल करावे लागते. आमचे 12 एप्रिलला संपले. दावा दाखल झाला 17 एप्रिलला आणि हुकूम झाला 20 तारखेला. ते पाच दिवस मोजून काढलेले होते की योगायोगाचे, हे मी सांगू शकत नाही. कॅव्हेटची मुदत दिनदर्शिकेवर लिहून ठेवणे हे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते, एवढे मात्र खरे.

त्या दुपारी कमिशनरांनी मालाची यादी केली. पॅक केलेली 412 खोकी, प्रत्येकात 200 ग्रॅमचे 50 पाऊच. छापील लॅमिनेटचे नऊ रोल. मशीनवर चढवलेला एक अर्धा रोल. प्रत्येक खोक्यावर कागदी पट्टी चिकटवून त्यावर त्यांची आणि माझी सही. मशीनवरचा रोल काढताना आमच्या फोरमनने विचारले, "बाई, आत पडलेल्या मसाल्याचं काय करायचं?" हॉपरमध्ये सुमारे 80 किलो मसाला होता आणि त्याबद्दल हुकुमात काहीच नव्हते. कमिशनर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी तो वजन करून कोठीत ठेवू दिला आणि यादीत तशी नोंद केली. साडेचारला सगळे गेले, कोठीच्या कुलपावर लाखेची मोहोर राहिली आणि कांडप यंत्रांचा आवाज बंद झाल्यामुळे शेजारच्या कारखान्यातले लोक काय झाले म्हणून पाहायला आले.

संध्याकाळी वकीलसाहेबांनी पहिली सूचना दिली ती हुकूम पाळण्याची. तो मला उघड अन्यायाचा वाटत होता, पण ते म्हणाले की हुकूम चुकीचा असला तरी तो उठेपर्यंत पाळायचाच. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश 39, नियम 2-अ प्रमाणे मनाईचा भंग केल्यास मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवासही होऊ शकतो. मुंबईतून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली असे ठरवले आहे की दावा चालवण्याचा अधिकार त्या न्यायालयाला नव्हता असे पुढे सिद्ध झाले, तरी मधल्या काळात दिलेला मनाई हुकूम मोडल्याची शिक्षा टळत नाही. त्या रात्री मी तेवीस दुकानदारांना फोन केले आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला लेखी कळवले. इचलकरंजीच्या एका दुकानदाराने पत्र मिळण्याच्या आधीच एक खोके विकले होते. ते आम्ही लपवले नाही. तारीख, वेळ आणि बिलासह प्रतिज्ञापत्रात लिहून दिले. पुढे समोरच्यांनी भंगाचा अर्ज करण्याचे सूतोवाच केले, तेव्हा त्या प्रतिज्ञापत्रामुळे विषय तिथेच थांबला.

आता निशाणी 5 म्हणजे काय ते सांगते, कारण त्या दोन आठवड्यांत हा शब्द मी दिवसातून दहा वेळा ऐकला. आपल्याकडच्या न्यायालयांत दाव्याच्या कागदांना निशाणी क्रमांक पडतात आणि तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला रिवाजाने पाचवा क्रमांक मिळतो. दावा वर्षानुवर्षे चालतो. साक्षी, उलटतपास, लेखी पुरावे हे सगळे त्यात यायचे असते. निशाणी 5 चा प्रश्न एवढाच असतो की तोपर्यंतच्या मधल्या काळात परिस्थिती कशी ठेवायची. खरे कोण आणि खोटे कोण याचा निवाडा त्या टप्प्यावर होत नाही. न्यायालय तीन गोष्टी पाहते: अर्जदाराची बाजू प्रथमदर्शनी टिकणारी आहे का, मनाई दिल्याने किंवा न दिल्याने कोणाची गैरसोय जास्त होईल, आणि मनाई नाकारली तर अर्जदाराचे पैशाने भरून न येणारे नुकसान होईल का. व्यापारात तिसरी कसोटी फार महत्त्वाची ठरते, कारण बिलाचे पैसे अडकले, माल कमी आला, दर पडला, अशी बहुतेक नुकसाने आकड्यात मोजता येतात आणि त्यासाठी नुकसानभरपाईचा दावा असतो. बाजारातल्या नावाची ओळख पुसली गेली, तर तिचा आकडा मांडता येत नाही. म्हणूनच पाऊच आणि बोधचिन्हांच्या वादात मनाई जितकी सहज मिळते तितकी साध्या पैशाच्या वादात मिळत नाही.

एकतर्फी हुकूम हा अपवाद आहे. त्याच आदेश 39 च्या नियम 3 प्रमाणे आधी नोटीस देणे हीच रीत आहे. नोटीस दिल्याने अर्जाचा हेतूच विफल होईल असे न्यायालयाला वाटले तरच ती टाळता येते आणि त्याची कारणे हुकुमात लिहावी लागतात. शिवाय अर्जदाराने अर्ज, प्रतिज्ञापत्र, दाव्याची आणि दस्तऐवजांची प्रत विरुद्ध पक्षाकडे ताबडतोब पाठवायची आणि तसे केल्याचे प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी द्यायचे असते. नियम 3-अ प्रमाणे असा अर्ज 30 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायालयाने करायचा असतो. कागदावर ही संरक्षणे चांगली आहेत. अडचण दिनदर्शिकेची होती. आम्हाला दिलेली पुढची तारीख जूनमधली होती, कारण मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुटी लागते, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की मसाल्याचा हंगाम संपलेला असतो. जून उजाडल्यावर हुकूम उठला असता तरी आमच्या दृष्टीने तो उठूनही न उठल्यासारखाच होता.

म्हणून वकीलसाहेबांनी शनिवार-रविवार बसून दोन कागद तयार केले: निशाणी 5 वरचे आमचे म्हणणे आणि नियम 4 खाली हुकूम रद्द करण्याचा अर्ज. तारीख अलीकडे आणण्याची विनंती त्यासोबतच होती. कागद तयार करताना त्यांनी माझ्याकडून समोरच्यांच्या दस्तऐवजांची 212 पाने एकेक करून वाचून घेतली. आपल्याला माहीत असलेला कोणता कागद यात नाही, एवढेच मला शोधायचे होते. रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या लक्षात आले की त्यांची 9 जानेवारीची नोटीस जोडलेली आहे, पण आमचे 20 जानेवारीचे उत्तर नाही. दाव्यात तर लिहिले होते की प्रतिवादींनी नोटिशीला दाद दिली नाही. माझ्या फाइलमधली गुलाबी पोचपावती मी काढली; तिच्यावर त्यांच्या पेढीचा शिक्का आणि 23 जानेवारीची तारीख होती. वकीलसाहेबांनी ती दिव्याखाली धरून पाहिली आणि म्हणाले, "ताई, आता आपल्याला बोलायला जागा झाली."

नियम 4 मध्ये नेमके हेच आहे. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान करून, विरुद्ध पक्षाला नोटीस न देता मनाई मिळवली असेल, तर न्यायालयाने ती उठवायची असते. तसे करणे न्यायाच्या दृष्टीने आवश्यक नाही असे वाटल्यास त्याची कारणे नोंदवावी लागतात. मला ही तरतूद फार योग्य वाटते. जो एकटाच न्यायाधीशांसमोर उभा राहून बोलतो, त्याने गैरहजर माणसाच्या बाजूचेही सगळे सांगितले पाहिजे.

आमचा दुसरा मुद्दा व्यापारी न्यायालय कायद्याचा होता. 2015 च्या या कायद्याखाली, 2018 च्या दुरुस्तीनंतर, 3 लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याचे व्यापारी वाद येतात. त्यातल्या कलम 12-अ प्रमाणे दावा लावण्याआधी मध्यस्थीला जाणे सक्तीचे आहे. तातडीचा अंतरिम दिलासा हवा असेल तेवढीच सूट आहे. ही सक्ती खरोखरची सक्ती आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात स्पष्ट केले. आम्ही म्हटले की जानेवारीत नोटीस देऊन जो एप्रिलपर्यंत शंभर दिवस थांबतो, त्याला मध्यस्थीसाठी वेळ नव्हता असे कसे म्हणता येईल? या मुद्द्यावर दावाच फेटाळला जाईल अशी आशा मला होती. वकीलसाहेबांना नव्हती, आणि त्यांचेच खरे ठरले. पण तातडी खरी होती का, हा प्रश्न त्यामुळे न्यायालयासमोर ठळकपणे आला.

26 एप्रिल आणि 2 मे अशा दोन दिवशी युक्तिवाद झाले. व्यवसायबंदीच्या कलमावर आमच्या बाजूने भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 27 होते: कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. यातला बारकावा मला तेव्हा प्रथम कळला. करार चालू असतानाची बंदी सहसा टिकते. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातला एक कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडून कोट्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तेव्हा त्याच्याविरुद्धची मनाई सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली कायम केली होती. करार संपल्यानंतरची बंदी मात्र टिकत नाही. क्रिकेटपटू झहीर खान यांच्या जाहिरात-कराराच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी दिलेली मनाई खंडपीठाने उठवली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निर्णय कायम ठेवला. आमचा करार सप्टेंबरमध्येच संपलेला होता. समोरच्या वकिलांनी मसाल्याची कृती हे त्यांचे व्यापारी गुपित असल्याचे सांगून पाहिले. पण नेमकी कोणती कृती, कोणत्या कागदात, कधी दिली, हे त्यांना दाखवता आले नाही.

पाऊचचे मात्र वेगळे होते आणि इथे मला स्वतःशी प्रामाणिक राहून लिहिले पाहिजे. न्यायाधीश महोदयांनी दोन्ही पाऊच मागून घेतले. शेजारी शेजारी न ठेवता त्यांनी एक हातात धरला, दुसरा शिरस्तेदारांकडे दिला आणि थोड्या अंतरावर उभा धरायला सांगितला. मग म्हणाले, "गिऱ्हाईक दोन पिशव्या घेऊन तुलना करत बसत नाही. आठवणीवर वस्तू उचलते." पिवळी जमीन, खाली तपकिरी पट्टा, मधोमध आतला मसाला दिसावा म्हणून ठेवलेली गोल खिडकी. आमचे नाव वेगळे होते, अक्षरे वेगळी होती, पण दहा फुटांवरून ते वेगळेपण दिसत नव्हते. अकरा वर्षे तोच पाऊच रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे आमचा पाऊच करताना हात त्याच वळणावर गेला होता. नक्कल करण्याचा हेतू नव्हता हे मी आजही सांगेन. पण गिऱ्हाइकाची फसगत होण्यासाठी हेतू लागत नाही.

त्यानंतर त्यांनी समोरच्या वकिलांना विचारले, "नोटिशीला उत्तर आले होते का?" वकिलांनी मागे वळून अशिलाकडे पाहिले. अशील गप्प राहिले. पोचपावती पुढे गेली. कोर्टात पंख्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हते आणि मला वाटते की आमच्या प्रकरणाचा निकाल त्या अर्ध्या मिनिटात लागला.

4 मे रोजी, सुटी लागण्याच्या आत, हुकूम झाला. व्यवसायबंदीची मनाई पूर्ण उठली. उत्तर दडवल्याबद्दल न्यायालयाने स्पष्ट शब्दांत नापसंती नोंदवली आणि समोरच्यांना 15,000 रुपये खर्च देण्यास सांगितले. पाऊचपुरती मनाई मात्र दाव्याच्या निकालापर्यंत कायम राहिली; पाऊचमधले साम्य डोळ्यांना दिसते आणि त्यात ग्राहकाचेही हित गुंतलेले आहे, असे कारण त्यासाठी नोंदवले गेले. पॅक झालेला माल कमिशनरांच्या देखरेखीखाली साध्या पारदर्शक पिशव्यांत भरून, आमचे लेबल लावून विकण्याची मुभा मिळाली आणि विक्रीचा हिशेब दर तीन महिन्यांनी दाखल करण्याची अट आली. तो हुकूम मी तीनदा वाचला. आम्हाला जे हवे होते ते सगळे त्यात नव्हते, पण तो दोन्ही बाजूंच्या गरजा ओळखून लिहिलेला होता.

अपिलाचा विचार आम्ही दोन दिवस केला. व्यापारी न्यायालयाच्या अशा हुकुमावर 60 दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते. तेव्हा त्यासाठी मुंबईच गाठावी लागे. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सुरू झाल्यापासून आमच्या भागातल्या लोकांचा तो प्रवास वाचला आहे. पण वकीलसाहेबांनी सांगितले की खालच्या न्यायालयाने आपला विवेकाधिकार नीट वापरला असेल, तर केवळ आपले मत वेगळे पडते म्हणून वरचे न्यायालय त्यात ढवळाढवळ करत नाही. 1990 पासून सर्वोच्च न्यायालयाचा हा दंडक आहे. आम्ही अपील केले नाही. समोरच्यांनीही केले नाही.

412 खोकी फोडून माल पुन्हा भरायला नऊ दिवस लागले. हंगामाचा गाभा निघून गेला होता; माझ्या हिशेबाने आमचे सात लाखांचे नुकसान झाले. ते वसूल होईल का, असे मी विचारले. अपुऱ्या कारणांवर मनाई मिळवणाऱ्याकडून संहितेच्या कलम 95 खाली भरपाई मागता येते, पण तिची कमाल मर्यादा 50,000 रुपये आहे. सात लाखांपुढे ही रक्कम काहीच नाही, आणि शिवाय या कलमाखाली अर्जाचा निकाल झाला की त्याच मनाईबद्दल भरपाईचा वेगळा दावा लावता येत नाही. चौदा दिवसांत एक हंगाम बुडू शकत असेल, तर एकतर्फी मनाई देतानाच अर्जदाराकडून पुरेशी हमी घेतली जावी, असे माझे ठाम मत आहे. आदेश 39 च्या नियम 2 मध्ये हिशेब, तारण अशा अटी घालण्याचा अधिकार न्यायालयाला दिलेलाच आहे. आमच्या बाबतीत 20 एप्रिलच्या हुकुमात अशी एकही अट नव्हती.

दावा पुढे वर्षभर चालत राहिला. 2024 च्या जुलैमध्ये, आधी टाळलेल्या त्याच मध्यस्थीत, दोन बैठकांत तडजोड झाली. आम्ही तो पाऊच कायमचा सोडला, त्यांनी आमची थकलेली दोन्ही बिले चुकती केली आणि त्याप्रमाणे तडजोड हुकूमनामा झाला. छापील रोल दोन्ही पक्षांसमोर कापून नष्ट केले. छपाईची चार सिलिंडरे महाग होती, ती टाकून देणे परवडणारे नव्हते. छापखान्याने त्यांवरचे जुने कोरीव काम काढून टाकले आणि त्याच सिलिंडरांवर आमच्या नव्या पाऊचची नक्षी कोरून दिली. तो पाऊच हिरवा आहे, त्याला खिडकी नाही, आणि छापायला देण्याआधी मी तो दहा फुटांवर उभा करून पाहिला.